रसिक कोण, जमाव कोण?

गाणे ऐकायला आलेल्या माणसांसाठी आपल्याकडे दोन शब्द चालतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला 'रसिक' येतात; भीमजयंतीच्या गायनाला 'जमाव' जमतो. आपल्यातले शिकलेले लोकही हे शब्द मुकाट्याने वापरतात. या दोन शब्दांत वर्णव्यवस्था दडलेली आहे, असे माझे मत आहे.

भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या त्या महोत्सवाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. तेथील श्रोता तिकीट काढतो, शांत बसतो, समेवर मान डोलावतो. ही शांतता शिकावी लागते आणि शिकायला फुरसत लागते. पण शांत बसणे हीच ऐकण्याची एकमेव रीत समजायची काय?

आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे गाव. या पट्ट्यात जयंती १४ एप्रिलला संपत नाही. गावे सोयीने तारखा धरतात आणि गायनपार्ट्या मे महिन्यापर्यंत फिरत राहतात. येथे बाया लेकरे घेऊन पुढे सतरंजीवर बसतात, पोरे कडेला उभी राहतात. ओळ पटली की एखादा उठतो, दहाची नोट घेऊन मंचापर्यंत जातो आणि गायक त्याचे नाव पुकारतो. ज्याच्या बापाला गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, त्याचे नाव लाऊडस्पीकरवरून साऱ्या गावाच्या कानी पडते. याला बेशिस्त म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी याच श्रोत्यांनी तोंडपाठ करून जगवली. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. तरी गायकाचा शब्द चुकला तर खालून दुरुस्ती येते. याहून सावध श्रोता कोणता?

कोणी कोठे उभे राहून गावे-ऐकावे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला जुना आहे. औंढा नागनाथला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडले, तेव्हा देऊळच फिरले, अशी कथा सांगतात. पंढरपूरचे देऊळ मात्र चोखोबासाठी फिरले नाही. वारकरी कीर्तनात श्रोता टाळ धरतो, अभंगाचे धृपद उचलतो. तरीही चोखोबा बाहेरच राहिला. तेव्हा सुरात सूर मिळवू दिला म्हणजे बरोबरीची जागा दिली, असे होत नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी ती जागा मागितली. गायनपार्टी हा त्यांचाच वारसा होय.

आता आपल्या अंगणातही पाहू. मिरवणुकीतल्या डीजेपुढे गर्दी प्रचंड असते, पण ठोक्याखाली शब्द गाडला जातो. बाया मागे सरतात. चुकीची ओळ खालून दुरुस्त करणारा म्हातारा घरी बसतो. काहीजण कायद्याकडे बोट दाखवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरवर बंधन आणले हे खरे. पण त्यामुळे सवाईच्या रात्रभरच्या मैफलीही आखडल्या. त्यांनी वेळ बदलली, ऐकणे सोडले नाही. आपण मात्र ऐकणेच सोडू लागलो आहोत. इतरांनी आपल्याला जमाव म्हटले तर त्याचा प्रतिवाद करता येतो. आपणच जमाव होऊन बसलो तर तो कोणी करायचा?

दलित साहित्याच्या समीक्षेने कवितेवर, आत्मकथनांवर पुष्कळ लिहिले. वाचता न येणाऱ्या, पण ऐकून शहाण्या झालेल्या आपल्या पहिल्या श्रोत्यावर फार थोडे लिहिले. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढच्या जयंतीला वही घेऊन मंचाकडे पाठ करून बसावे आणि समोरची माणसे लिहून काढावीत.