आनंदीबाई जोशी : दोन भाषांतील एक चरित्र

महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्या ऐतिहासिक संबंधांचा विचार करू लागल्यास कल्याणचे नाव आरंभीच घ्यावे लागते. ज्यांचे बालपण कल्याणात गेले, त्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. हा वृत्तांत सर्वपरिचित आहे. परंतु तो ज्या साधनांवर उभा आहे त्यांची भाषिक चिकित्सा, मीरा कोसंबी यांच्यासारखे अपवाद वगळता, आपल्याकडे उपेक्षितच राहिली.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निवर्तल्या. त्यानंतर कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेले चरित्र १८८८ मध्ये बोस्टनहून निघाले, तर काशीबाई कानिटकरांचे १८८९ मध्ये मराठीत. डॉल यांच्या ग्रंथाचे शीर्षकच आनंदीबाईंना पंडिता रमाबाईंच्या नातलग म्हणून पुढे करते. रमाबाईंचा इंग्रजी ग्रंथ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. अपरिचित व्यक्तीची ओळख परिचित नावाच्या आधारे करून देण्याचा तो प्रकार होय.

काशीबाईंना त्या आधाराची गरज नव्हती. त्यांच्यापुढील प्रश्न निराळा, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी आनंदीबाईंचा पत्रव्यवहार इंग्रजीत होता, आणि त्यांना त्या 'आँट' म्हणत. आत्या, मावशी, काकू, मामी या चारही नात्यांना इंग्रजीत हा एकच शब्द पुरतो. मराठी परंपरेत कार्पेंटरबाई 'मावशी' झाल्या. 'माय मरो, मावशी उरो' म्हणणाऱ्या समाजात हा शब्द येताच त्या परकीय स्त्रीला माहेरची जागा मिळते. आत्या किंवा काकू म्हटले असते तर पत्रांचा सूर पालटला असता. 'मावशी' या शब्दातील जिव्हाळा पत्रलेखिकेचा किती आणि भाषांतराचा किती, हे दोन्ही पाठ शेजारी ठेवल्याविना सांगता येत नाही.

पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघर पोहोचविली. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. कादंबरी म्हणून ती समर्थ आहे. परंतु तिच्यातील संवाद आनंदीबाईंचे उद्गार म्हणून उद्धृत होऊ लागतात, तेव्हा लेखिका म्हणून त्यांनी स्वतः जे लिहिले ते मागे पडते. त्या रोमन लिपीत आपले आडनाव अखेरीस दोन 'ई' घालून लिहीत. ग्रंथसूचीत केवळ प्रचलित वर्णलेखनाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून डॉल यांचे चरित्र निसटण्याचा संभव असतो.

तेव्हा प्रथम हवी आहे ती पत्रांची द्विभाषिक, पाठचिकित्सक आवृत्ती. १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय व १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय या परिसरात आहेत. येथील महाविद्यालयांच्या मराठी व इंग्रजी विभागांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. कारण यातील एकच भाषा जाणणाऱ्याच्या हाती अर्धाच पत्रव्यवहार लागतो.