आराखड्यात हरवलेला प्रश्न

संशोधनाचा आराखडा दाखवायला विद्यार्थी येतात, तेव्हा त्यात उद्दिष्टे, गृहीतके, प्रकरणयोजना सारे असते. प्रश्न तेवढा नसतो. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचेच घ्या. ‘जनाबाईंच्या अभंगांतील स्त्रीजीवन’ असा विषय ठरतो. पण जनाबाईंचे अभंग नेमके कोणते, हे कोणी विचारत नाही. शासनाने १९७० साली काढलेल्या नामदेव गाथेत ते छापलेले आहेत. मात्र जनीची नाममुद्रा पुढच्या गाणाऱ्यांनी वापरली नसेल कशावरून? जात्यावरच्या ओव्यांतली जनी तर आणखी निराळी. माझ्या मते आराखड्याने आधी संहिता ठरवावी आणि पुरावा विरुद्ध गेल्यास सोडता येईल असेच गृहीतक मांडावे. नाहीतर प्रबंधाच्या शेवटी तेच गृहीतक निष्कर्ष म्हणून पुन्हा छापले जाते.