हौशी ड्रोन-उड्डाण आणि ‘ड्रोन नियम, २०२१’ : बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात ड्रोनची दोन परस्परविरुद्ध रूपे आढळतात. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावी कोविड लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने काही मिनिटांत पोहोचविण्यात आल्या. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे व बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील आकाशात अनोळखी ड्रोन दिसणे हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो. या दोन टोकांच्या मध्ये समुद्रकिनारा, यात्रा वा लग्नसोहळा टिपू पाहणारा हौशी चालक उभा आहे. प्रचलित नियम त्याच्यापर्यंत कितपत पोहोचतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांचे स्वरूप

ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी ड्रोन-वापरास मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची चौकट लागू झाली. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी ती शिथिल केली व अर्जनमुन्यांची संख्या २५ वरून ५ वर आणली. नागरिकावरील विश्वास हे या नियमांचे घोषित अधिष्ठान होय. त्यांनुसार आकाशाचे तीन भाग पडतात. हिरव्या क्षेत्रात साधारणतः ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची, तर लाल क्षेत्रात केंद्र शासनाची परवानगी आवश्यक असते. भंग झाल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

चिकित्सा

या रचनेतील पहिली उणीव सवलतींच्या आकलनाशी निगडित आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनसाठी चालक-प्रमाणपत्राची अट नाही. दोन किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनलाही अव्यावसायिक वापरात ती नाही. मात्र ही सूट वजनाची आहे, स्थळाची नाही. लाल क्षेत्रात हलका ड्रोनही परवानगीविना उडविता येत नाही. ‘लहान ड्रोनला नियम नाहीत’ हा सोपा अर्थ सपाट माळरानावर कदाचित निभावून जाईल. अणुकेंद्राच्या परिसरात तोच अर्थ हौशी तरुणाला थेट पोलीस चौकशीपर्यंत नेऊ शकतो.

दुसरी उणीव अशी की, ही सीमा जमिनीवर कोठेही दिसत नाही. क्षेत्रांचा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ रोजी संगणकीय मंचावर प्रसिद्ध झाला. राजपत्रातील नियम हिंदी व इंग्रजीत आहेत. शिवाय पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतो. म्हणजे काल मोकळे असलेले आकाश आज बंद असू शकते आणि ती वार्ताही प्रथम पडद्यावरच उमटते. चिंचणीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीला तेथील वाळू आपल्याला काही सांगत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. विश्वासावर उभा असलेला कायदा ज्ञान गृहीत धरतो; ते पुरविण्याची जबाबदारी मात्र कोणावरही स्पष्टपणे सोपवीत नाही.

यावर सरसकट बंदी हा उपाय सुचविला जाणे शक्य आहे. परंतु तिने जाणूनबुजून नियम मोडणारा थांबेलच असे नाही. प्रामाणिक हौशी चालक मात्र निश्चितच दूर सारला जाईल. लस पोहोचविणाऱ्या तंत्राची पहिली ओळख अनेकदा छंदातूनच होते, हेही विसरता येणार नाही.

समारोप

सारांश, नियमांची उदारता स्वागतार्ह असली तरी ती स्थानिक पातळीवर अपुरी ठरते. बोईसर रेल्वे स्थानक व किनाऱ्यांवर क्षेत्रसीमा दर्शविणारे मराठी फलक, विक्रीच्या वेळीच क्षेत्रांची माहिती देणारे एक पान आणि महाविद्यालयांच्या भूगोल विभागांतून नकाशावाचनाचे प्रशिक्षण, हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. उड्डाणापूर्वी नकाशा पाहण्याची सवय जडली, तरच कायद्याने टाकलेला विश्वास सार्थ ठरेल.