निद्रासंगीत आणि आमची अंगाई

अलीकडे ‘निद्रासंगीत’ या नांवाखालीं संगीताचा एक नवाच प्रकार घरोघर शिरला आहे. मोबाइल उशाशीं ठेवावा आणि मंद, लांबट, ज्यांस ना आदि ना अंत असे स्वर ऐकत डोळे मिटावे, अशी ही व्यवस्था. सुशिक्षित कुटुंबांतून तिचा उपयोग पुष्कळ होतो. तिची चिकित्सा मात्र कोणी गंभीरपणें केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. गाण्याचे जाणते लोक ‘हें संगीतच नव्हे’ म्हणून नाक मुरडतात. विकणारे लोक तें औषध असल्याची ग्वाही देतात. आमच्या मतें हे दोन्ही निकाल घाईचे आहेत. जें कोणीतरी बसून, स्वर निवडून, त्यांचा क्रम ठरवून केलें आहे ती रचना होय, आणि जी रचना आहे तिला टीकेची कसोटी लागू झालीच पाहिजे. प्रश्न इतकाच, कीं ती कसोटी कोणती? श्रोता शेवटपर्यंत जागा राहिला, हें ख्यालाचें किंवा नाटकाचें यश. येथें तेंच अपयश ठरतें.

यूरोपांत हा विचार बराच जुना आहे. बाखच्या १७४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्डबर्ग’ नांवाच्या रचनेविषयीं त्याचा चरित्रकार फोर्केल यानें १८०२ सालीं अशी हकीकत लिहून ठेविली, कीं कायझरलिंग नांवाच्या एका उमरावास झोंप येत नसे, त्याच्यासाठीं ती झाली, आणि त्याच्या पदरचा गोल्डबर्ग ती शेजारच्या खोलींतून रात्रीं वाजवीत असे. पुढील संशोधकांस ही कथा फारशी पटत नाहीं. कारण गोल्डबर्ग तेव्हां अवघा चौदा वर्षांचा होता, आणि छापील प्रतीवर उमरावाचें नांवही नाहीं. कथा खरी धरली तरी त्या उमरावानें मागितलें तें झोंप आणणारें संगीत नव्हे. न आलेल्या झोंपेंत मन थोडें प्रसन्न ठेवणारें, सोबतीचें संगीत होय. हा भेद लहान नाहीं, आणि आजच्या पुष्कळशा निद्रासंगीतकारांस तो उमगलेला दिसत नाहीं.

पुढें एरिक साती या फ्रेंच संगीतकारानें खोलींतील मेजखुर्च्यांसारखें, असून नसल्यासारखें वाजत राहणारें ‘सामानसुमानाचें संगीत’ रचिलें. १९२० सालीं पॅरिसच्या एका चित्रदालनांत नाटकाच्या मध्यंतरांत तें वाजविलें गेलें. प्रेक्षकांनीं ऐकूं नये, खुशाल गप्पा माराव्या, अशी कर्त्याची इच्छा. पण वाद्यें सुरू होतांच मंडळी मुकाट्यानें जागेवर बसून ऐकूं लागली, आणि त्यांना बोलावयास लावण्यासाठीं बिचारा साती आरडाओरडा करीत राहिला! न ऐकण्यासाठीं रचना करणें किती अवघड आहे, हें या फजितीवरून दिसतें. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारास ही युक्ति साधली ती योगायोगानें. १९७५ च्या आरंभीं अपघातानंतर तो अंथरुणावर पडून असतां एका मैत्रिणीनें लावून दिलेली हार्पची तबकडी फारच हळू वाजूं लागली. उठून आवाज वाढविण्याचें त्राण नव्हतें. बाहेर पाऊस होता. ते स्वर त्यांत कधीं वर येत, कधीं बुडून जात. या अनुभवाचें फळ म्हणजे त्याच वर्षाची एक तबकडी व १९७८ चें ‘विमानतळांसाठीं संगीत’; इंग्रजींत ज्यास ‘अँबियंट’ म्हणतात तें नांव तेथून रूढ झालें. आणि २०१५ सालीं माक्स रिष्टर यानें ‘स्लीप’ ही आठ तासांहून अधिक लांबीची रचना केली, बी. बी. सी.नें ती लंडनहून मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत प्रक्षेपित केली, आणि तिच्या प्रयोगांस खुर्च्यांऐवजीं खाटा मांडण्यांत आल्या. या सर्वांत रिष्टरचें धाडस आम्हांस मोठें वाटतें, कारण त्यानें रचनेचें माप रात्रीवरून घेतलें. परंतु ऐकणाऱ्याचा डोळा केव्हां लागला, हें त्याच्याही रचनेस कळत नाहीं. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हां येऊं.

वैद्यकाचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेनें २०२२ सालीं १३ प्रयोगांतील १,००७ प्रौढांची माहिती एकत्र केली, आणि संगीत ऐकल्यानें झोंपेची प्रत सुधारते असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष काढला. अर्थात् ही प्रत रुग्णांनीं स्वतः सांगितलेली. २०२३ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं, लोकांनीं झोंपेसाठीं म्हणून जमविलेल्या याद्यांतील सव्वादोन लाखांवर ध्वनिमुद्रणें तपासलीं. बहुतेक संथ, मृदु, शब्दरहित निघालीं, यांत नवल नाहीं. पण त्याच याद्यांत कोरियांतील तरुणांचें एक नाचरें, ठेकेबाज गाणेंही वारंवार सांपडलें. ओळखीचें गाणें ठेक्याचें असलें तरी मनास निवांत करीत असावें, असा त्यावर तर्क आहे. म्हणजे लय कमी करणें व आवाज दाबणें एवढ्यानें निद्रासंगीत होतें ही जी समजूत, तिला येथेंच तडा जातो.

आतां आपल्याकडे वळूं. आमचें विद्वन्मान्य संगीत, खरें पाहतां, जागेपणाच्या बाजूचें आहे. भातखंड्यांनीं ग्रंथबद्ध केलेल्या पद्धतींत रागांस प्रहर नेमून दिले आहेत, त्यांत दरबारी, मालकंस हे उत्तररात्रीकडे झुकणारे. तेवढ्यावरून कित्येक व्यापारी त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे पाडून ‘गाढ झोंपेसाठीं’ म्हणून विकतात. हा आम्हांस निव्वळ अडाणीपणा वाटतो. दरबारीच्या कोमल गांधाराचें आंदोलन कानास पकडून ठेवण्यासाठीं आहे, आणि विलंबितांत समेची वाट पाहणारा कान झोंपेल कसा? १९३३ सालीं पंडित ओंकारनाथ ठाकुरांच्या पूरियानें मुसोलिनीस झोंप लागली, अशी आख्यायिका मोठ्या अभिमानानें सांगतात. ती खरी असेल तर तीत गवयाची थोरवी किती आणि श्रोत्याचें अरसिकत्व किती, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

लोकसंगीताचीही तीच तऱ्हा. गोंधळ, जागर, सप्ताहांतील भजन, पहांटेचा काकडा, भूपाळी. आणि आमच्या वऱ्हाडांत तुकडोजी महाराजांनीं गांवोगांव नेलेली खंजिरी. हीं सर्व उठविणारीं. देवळांत याला एक सुंदर अपवाद आहे, तो शेजारतीचा. पंढरपुरास विठ्ठलाला रोज शेजारतीनें निजवितात. परंतु आषाढी-कार्तिकीच्या गर्दींत देवाचा पलंग काढला जातो, शेजारती थांबते, आणि प्रक्षाळपूजेपर्यंत देव अहोरात्र उभा राहतो. निजविण्याचें गाणें हें निजणाऱ्याकडे पाहून गावयाचें, तो निजणार नसेल तर गावयाचेंच नाहीं, ही जाण त्या रिवाजांत आहे.

पण या विद्येचे खरे आचार्य देवळांत नाहींत आणि मैफलींतही नाहींत. शतकानुशतकें झोंपेसाठीं संगीत रचिलें तें घरांतील बायकांनीं, आणि त्यांना रचनाकार म्हणण्याचें आमच्या टीकेस कधीं सुचलें नाहीं. येथें पाळणा व अंगाई यांतील भेद ध्यानीं घ्यावा. पाळणा हा बारशाला, रामनवमीला, गोकुळाष्टमीला जमलेल्या बायकांनीं म्हणावयाचा; त्यांत कथा असते, कडवीं असतात, आणि पुरा झाल्यावांचून तो थांबत नाहीं. तो ऐकून मूल झोंपलें तर तो योगायोग. अंगाई खऱ्या झोंपेसाठीं असते. आम्हीं ऐकलेल्या बहुतेक अंगायांचा आवांका चार-पांच स्वरांपलीकडे जात नाहीं. ओळ मध्यें चढली तरी अखेरीस खालीं येऊन विसांवते. ‘जो जो’, ‘गाई गाई’ असे, ज्यांत जिभेस काम थोडें आणि गुंजन फार, असे शब्द फिरफिरून येतात. लय गाणारी ठरवीत नाहीं, पाळण्याचा दोर ठरवितो. लोलकाच्या नियमानें एक मीटर दोराचा झोका जाऊन येण्यास दोन सेकंद लागतात, सव्वादोन मीटरांस तीन. जिनीव्हा येथें २०१९ सालीं अठरा तरुणांस हलत्या पलंगावर निजवून असें आढळलें, कीं चार सेकंदांस एक या मंद हेलकाव्यानें गाढ झोंप लवकर लागते. तेवढ्या हेलकाव्यास आपल्याकडे चार मीटरांचा दोर लागेल, आणि इतकें उंच आढें जुन्या वाड्यांखेरीज कोठें मिळणार!

तथापि या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो अंगाईचा शेवट. आई गातां गातां मुलाच्या श्वासाकडे कान देऊन असते. श्वास लांबला कीं शब्द गळतात व गुंजन उरतें, मग गुंजन गळतें व नुसता झोका उरतो, शेवटीं तोही. मूल चाळवलें तर हाच क्रम उलट चालतो. रचना किती लांब व्हावी हें ऐकणारा ठरवितो, तेंही झोंपेंत, आणि गाणारी त्याला क्षणोक्षणीं अनुसरते. संगीताची इतकी सूक्ष्म जुगलबंदी आम्हांस दुसरी माहीत नाहीं. यंत्राला ऐकूं येत नाहीं. तें आठ तास वाजेल किंवा नेमल्या मिनिटास थांबेल, पण माणूस झोंपला म्हणून सहसा हळू होणार नाहीं. आज तसें यंत्र करणें अशक्य आहे असेंही नव्हे. मनगटावरील घड्याळें नाडी मोजतातच. ती विद्या कोणाच्या पायाशीं बसून शिकावयाची, एवढेंच आम्ही सांगत आहों.

खेदाची गोष्ट ही, कीं हें धन आम्हीं अर्धेंच जपलें. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ मध्यें ओव्या वेंचल्या, त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. परंतु छापील पानावर शब्द राहतात, चाल राहत नाहीं. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील कित्येक गळ्यांसकट ध्वनिमुद्रित केल्या. त्या २०१७ पासून लोकांपुढें येऊं लागल्या आहेत. मांडीवर मूल घेऊन दळणाऱ्या बाईच्या जात्याची घरघर हीही झोंपेची साथच होती. चित्रपटांनीं अंगाई लोकप्रिय केली हें खरें. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ (१९७७) मधील सुमन कल्याणपुरांची अंगाई कोणत्या मराठी घरांत गाइली गेली नाहीं? गाणें गोडच आहे. पण तें जागें राहून चित्रपट पाहणाऱ्यांसाठीं रचिलेलें आहे. घरोघरच्या आयांनीं तें आपल्या पाळण्याच्या लयीवर उतरविलें, वाद्यें गाळलीं, शेवटचीं कडवीं विसरल्या, तेव्हां कोठें त्याची खरी अंगाई झाली.

यावर एक आक्षेप येईल. हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं १४४ तान्ह्या मुलांस परक्या, न समजणाऱ्या भाषांतील अंगाया ऐकविल्या, आणि इतर गाण्यांच्या मानानें त्या ऐकतांना मुलें अधिक शांत झालीं, असें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. मग आई कशाला हवी आणि ओळख कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि स्वररचनेंतच कांहीं गुण असतो हें त्यानें सिद्ध होतें, असें आम्हीही मानतों. परंतु तीं मुलें निवांत झालीं. झोंपलीं असें कोणी म्हटलेलें नाहीं. शिवाय तान्ह्या मुलाची स्मृति प्रौढासारखी नसते. प्रौढाची झोंप उडते ती स्मृतीनें आणि चिंतेनें.

आमच्या महागांवाचेंच पाहा. नागपूर-तुळजापूर हमरस्ता गांवास लागून जातो, त्यावरचे ट्रक रात्रभर थांबत नाहींत. शेतीपंपास ज्या आठवड्यांत रात्रींच्या पाळीची वीज असते, त्या आठवड्यांत घरचा कर्ता मध्यरात्रीं ओलितास जातो. आणि ज्यास सावकाराच्या वा बँकेच्या हप्त्यानें झोंप येत नाहीं, त्यास संगीतानें झोंप येईल असें म्हणणें यवतमाळ जिल्ह्यांत तरी निष्ठुरपणाचें होय. गोंगाटावर मात्र उपाय आहे. कान दचकतो तो आवाजाच्या मोठेपणापेक्षां त्याच्या आकस्मिक बदलानें. त्यामुळें अखंड, एकसारखा नाद मागें असला कीं ट्रकचा आवाज त्यांत बराचसा बुडतो. यासाठीं परदेशांतून कांहीं आणावें लागत नाहीं. मिरजेचा तंबोरा, ज्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्या घोडीवरील जवारी व तारेखालचा दोरा मिळून जो झंकारणारा नाद उत्पन्न करतात, त्याला आरंभ सांपडत नाहीं व शेवटही. निद्रासंगीताचा पाया म्हणून याहून चांगलें द्रव्य आम्हांस दिसत नाहीं, आणि मराठी रचनाकार तें सोडून पियानोच्या मागें कां लागतात हें कळत नाहीं.

त्याहून विलक्षण आहे तो पावसाचा आवाज. हल्लींच्या बहुतेक निद्रासंगीतांत पाऊस किंवा समुद्र असतो. समुद्र आमच्या लोकांनीं पाहिलेलाच नाहीं, तो सोडा. पण पाऊस! ईनोच्या खिडकीबाहेरचा पाऊस त्यास सुखकर झाला असेल. इकडे कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या माणसास, बोंडें फुटलेलीं असतां आश्विन-कार्तिकांत मध्यरात्रीं पत्र्यावर थेंब वाजूं लागले, कीं तो ताडकन् उठून बसतो. भिजलेल्या कापसाची प्रत जाते, आणि वर्षाचा हिशेब त्याबरोबर. त्याच्या उशाशीं पाऊस वाजवून त्यास निजवूं पाहणारा रचनाकार कोणासाठीं रचीत आहे, हें त्यानें स्वतःस विचारलें पाहिजे. गोठ्यांत बैल रवंथ करीत असतां त्याच्या गळ्यांतील घंटा मधून मधून हलते. ती ऐकूं येत आहे तोंवर जनावर जागेवर आहे, हें घरच्यांस अंथरुणांतूनच कळतें. त्या नादाखालीं तंबोरा धरून कोणी वीस मिनिटांची रचना केल्यास ती आम्ही आनंदानें ऐकूं. अभिप्राय मात्र उन्हाळ्याच्या सुट्टींत देणार नाहीं. वेचणीच्या दिवसांत, एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं ती चार रात्री ऐकवून मग देऊं.