प्रोटॉन मेलचा सीईओ ट्रम्पचं कौतुक करतो, मग मेल सोडायचा का?

पीएचडीला लागायच्या आधीच तुमच्यापैकी बरेच जण हे विचारताय: "प्रोटॉन घेणार होतो, पण त्यांचा सीईओ ट्रम्पवाला निघाला म्हणे. आता?" प्रश्न चांगला आहे. मात्र त्यावर दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद चालतात, ते मला कच्चे वाटतात.

आधी झालं काय ते बघू. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या मक्तेदारीविरोधी विभागासाठी गेल स्लेटर यांचं नाव जाहीर केलं. प्रोटॉनचे सीईओ अँडी येन यांनी एक्सवर या निवडीचं कौतुक केलं. पुढे असंही लिहिलं, की दहा वर्षांपूर्वी रिपब्लिकन हा बड्या उद्योगांचा पक्ष होता आणि डेमोक्रॅट सामान्यांचा, आता ते पूर्ण उलटं झालंय. जानेवारी २०२५ मध्ये ही पोस्ट सगळीकडे फिरली आणि ग्राहक भडकले. त्यात कंपनीच्या अधिकृत खात्यावरूनही त्याच सुरातलं उत्तर गेलं, जे नंतर काढून टाकावं लागलं.

पहिली बाजू म्हणते, एन्क्रिप्शन हे गणित आहे, गणिताला पक्ष नसतो. ऐकायला छान वाटतं, पण गणित नेमकं कुठपर्यंत पोचतं? प्रोटॉनमध्ये मेलचा मजकूर आणि जोडलेल्या फाईली बंद असतात. विषयाची ओळ त्या पद्धतीने बंद नसते. कोणी, कोणाला, कधी पाठवलं हेही सर्व्हरला कळतंच. तुमच्या गाईडने जीमेलवरून साधा मेल पाठवला, तर तो प्रोटॉनकडे वाचता येईल अशा रूपात येतो आणि नंतर कुलूपबंद होतो. शिवाय त्याची एक प्रत गूगलकडे राहतेच. आणि ब्राउझरमधून मेल उघडता तेव्हा कुलूप लावणारा प्रोग्रामसुद्धा कंपनीच्याच सर्व्हरवरून येतो. म्हणजे काही विश्वास गणितावर आहे आणि काही चक्क माणसांवर. "माणसं महत्त्वाची नाहीत" हे विधान इथेच पडतं.

दुसरी बाजू म्हणते, सीईओचं राजकारण असं, म्हणून सेवा असुरक्षित. इथे मधली पायरीच गाळलीय. येन यांच्या पोस्टमुळे कुणाचा मेल उघडला गेला, असा पुरावा कुठे आहे? उलट माहिती बाहेर गेल्याचं गाजलेलं प्रकरण २०२१ चं. फ्रान्समधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या तपासात स्विस यंत्रणेच्या आदेशावरून प्रोटॉनने एका खात्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला. मजकूर दिला नाही, कारण तो त्यांना वाचताच येत नाही. त्यानंतर वेबसाइटवरची आयपीबद्दलची भाषाही त्यांना बदलावी लागली. हे सगळं कायद्यामुळे झालं. सीईओ कोणत्याही पक्षाचा असता तरी झालंच असतं.

मग राजकारण बिनमहत्त्वाचं का? नाही. "माझे पैसे या माणसाच्या कंपनीला द्यायचे नाहीत" हा निर्णय अगदी रास्त आहे, फक्त त्याला सुरक्षेचा निष्कर्ष म्हणू नका. मला स्वतःला वैयक्तिक पोस्टपेक्षा अधिकृत खात्यावरचं उत्तर जास्त खटकलं. कारण साहेबांचं मत आणि संस्थेचं मत वेगळं ठेवणारं आत कुणी आहे का, हे अशाच वेळी दिसतं. जून २०२४ पासून ना-नफा प्रोटॉन फाउंडेशन हा कंपनीचा मुख्य भागधारक आहे. तिच्या मंडळावर टिम बर्नर्स-ली आहेत, आणि येनही आहेत. उद्या कुणी कंपनी विकत घ्यायला आलं तर ही रचना आड येईल. सीईओच्या तोंडाला ती आड येत नाही, हे मात्र दिसलंच.

तुमच्यासाठी हे कोरडं नाही. समजा, तुम्ही औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरींचे नमुने घेताय आणि कारखान्यातला एक कामगार रात्री काय सोडलं जातं ते सांगतो. विषयाच्या ओळीत तुम्ही त्याचं नाव लिहिलंत, तर येन यांचा पक्ष कुठला याने त्याला काय फरक पडणार? विषय सांकेतिक ठेवा. जर्मनीतल्या हॅनोव्हरची टुटा विषयाची ओळही बंद करते, पण ती पीजीपी वापरत नाही आणि थंडरबर्डसारख्या प्रोग्रामशी जोडता येत नाही. हे आधी तपासा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांबद्दल अश्लील मेल पाठवल्याच्या प्रकरणात, प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची कार्यवाही करायला केंद्र सरकारला सांगितलं. पेपरवर छापलेला तुमचा पत्ता मात्र पीडीएफमध्ये कायमचा राहतो. म्हणून मी प्रोटॉन सोडलं नाही, पण डोमेन स्वतःचं घेतलंय. उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहील. संमतीपत्रं आणि मुलाखतींच्या फाईली तर मी कुठल्याच मेलने पाठवत नाही.