नावातच नोंद

फ्रॅपे या वेब फ्रेमवर्कच्या चौदाव्या आवृत्तीतली एक ओळ मी अधूनमधून उघडून वाचतो. ईएसबिल्ड नावाच्या फोल्डरात ती आहे, आणि तिचा अर्थ एवढाच: प्रत्येक ॲपच्या पब्लिक फोल्डरात, कितीही खोल असो, ज्या फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट बंडल डॉट जेएस’ असा असेल, किंवा जेएसच्या जागी टीएस, सीएसएस, एससीएसएस, लेस असेल, ती शोधून काढा आणि बांधा. नोड मॉड्यूल्स आणि आधी बांधून ठेवलेलं डिस्ट एवढं वगळा. बस्स. ही ओळ यायच्या आधी हेच काम कसं चालायचं हे माहीत असेल, तरच तिची गोडी कळते.

फ्रॅपे ही मुंबईची कंपनी, ऋषभ मेहता यांनी 2008 साली सुरू केलेली. धंद्याचे व्यवहार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट याच फ्रेमवर्कवर उभं आहे आणि दोन्हींचा कोड खुला आहे. म्हणजे दोंडाईच्यातल्या एखाद्या पोरानं मिरचीच्या अडत्याची बिलं, हमाली, तोलाई त्यात बसवायचं ठरवलं, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लागतो तो लॅपटॉप, आणि तो बहुधा जुनाच असतो. अशा माणसाची पहिली झटापट पायथनशी होत नाही. पायथनची फाइल जतन केली की डेव्हलपमेंट सर्व्हर आपला आपण नव्यानं उठतो. अडतं ते ब्राउझरच्या बाजूला: जावास्क्रिप्ट बदलली, रिफ्रेश मारला, आणि पडद्यावर कालचंच.

पूर्वी प्रत्येक ॲपमध्ये बिल्ड डॉट जेसन नावाची फाइल असे. डावीकडे तयार व्हायच्या फाइलचं नाव, उजवीकडे तिच्यात जाणाऱ्या फायलींची यादी. डेस्क म्हणजे लॉगिननंतरचा मुख्य पडदा. त्याची यादी तर मारुतीच्या शेपटासारखी. सुरुवातीला या फायली नुसत्या एकापुढे एक जोडल्या जात, त्यामुळे क्रमाला फार महत्त्व. मग रोलअप नावाचं बांधणीचं साधन आलं, फायली एकमेकींना स्वतः आयात करू लागल्या, पण यादी राहिलीच. उलट तिच्यात काही नावांआधी ‘कॉनकॅट’ असा शब्द लिहावा लागू लागला: ही लायब्ररी जुन्या धाटणीची आहे, हिचं विश्लेषण करू नका, नुसती चिकटवा. त्या एका शब्दात मला संक्रमणकाळाची सगळी ओढाताण दिसते.

यार्डात मिरचीचं पोतं आलं, पण आवकवहीत लिहायचं राहिलं, तर पोतं समोर असून नसल्यासारखं. यादीत न लिहिलेल्या फाइलचं तसंच होतं. चौदाव्या आवृत्तीनं वही बंद केली आणि खूण पोत्यावरच मारली.

श्रेय बहुतेक जण ईएसबिल्डला देतात. इव्हान वॉलेस यांनी गो भाषेत लिहिलेलं आणि 2020 मध्ये लोकांपुढे आलेलं हे साधन खरोखर झपाट्याचं आहे. इतर साधनांपेक्षा दहा ते शंभर पट वेगवान, असा त्याच्या कर्त्याचा दावा. पण इंजिन बदलूनही जुनी यादी तशीच ठेवता आली असती. फ्रॅपेवाल्यांनी ती ठेवली नाही, यातच मला त्यांची रसिकता दिसते. वेग विकत घेता येतो, चांगला प्रोसेसर घ्या. लक्षात ठेवायची एक गोष्ट कमी करणं मात्र कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

पुढची खुबी बाहेर पडणाऱ्या नावात आहे. बांधलेल्या फाइलच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश घातला जातो. मजकूर बदलला की नाव बदलतं, आणि ब्राउझरला जुनी प्रत दाखवायची संधीच उरत नाही. पण असलं अगम्य नाव माणसानं लिहायचं कुठे? कुठेच नाही. ॲसेट्स डॉट जेसन या फाइलीत साधं नाव आणि हॅशवालं नाव यांची जोडी यंत्र स्वतः मांडतं. आपण फ्रॅपे डॉट रिक्वायरला साध्या नावानं हाक मारायची. वही उरली म्हणा ना, पण आता ती यंत्र लिहितं आणि यंत्रच वाचतं.

चूक सांगायची रीतही पाहण्यासारखी. बेंच स्टार्ट या एका आज्ञेनं रेडिस, वेब सर्व्हर, सॉकेट, वर्कर यांच्याबरोबर फायलींवर नजर ठेवणारा पहारेकरीही उठतो. कंस सुटला, तर टर्मिनलमधल्या पाच जणांच्या बडबडीत ती एरर शोधत बसावं लागत नाही. ती सॉकेटमार्गे थेट ब्राउझरच्या पडद्यावर येते, फाइल आणि ओळ क्रमांकासह.

आणि बेंच बिल्ड म्हटल्यावर नेहमी बांधणीच होते असंही नाही. तुमच्याकडचा फ्रॅपेचा कमिट पाहून त्याच कमिटच्या तयार बांधलेल्या फायली मिळतात का हे आधी तपासलं जातं. मिळाल्या तर उतरवून घेतल्या जातात. कमी रॅमच्या यंत्राची कुणीतरी आठवण ठेवलेली दिसते. फ्रेमवर्कमध्येच स्वतःचा कमिट केलात, की अर्थातच आयतं काही मिळत नाही.

दोष नाहीत असं नाही. जुन्या यादीत एका दृष्टीत कळायचं की कुठल्या गठ्ठ्यात काय आहे. आता प्रवेशाची फाइल उघडून आयातींचा माग काढत जावं लागतं. आणि नवख्यानं नावात ‘बंडल’ घालायचं विसरलं, तर बिल्ड तक्रार करत नाही. ती फाइल त्याच्या लेखी नसतेच. संकेताची ही गंमत आहे: माहीत असेल त्याला हलका, माहीत नसेल त्याला अदृश्य.

फ्रॅपेच्याच सीआरएमसारख्या नव्या ॲपांनी तर वेगळी वाट धरली आहे. त्यांचं पुढचं अंग व्ह्यू आणि व्हीट नावाच्या साधनांवर, स्वतंत्र फोल्डरात. त्यावर काम करायचं तर बेंच स्टार्ट चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये यार्न डेव्ह चालवायचं आणि आठ हजार ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवर पाहायचं. बदल तिथे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दिसतो, हे कबूल. पण एका आज्ञेच्या दोन झाल्या, आणि मला अजून तरी चौदाव्या आवृत्तीतली ती एक ओळच जास्त आवडते.