वाजवणाऱ्या मुलांचं ऐकणार कोण?

मानकोलीच्या आसपास वाजवणाऱ्या मुलांची वानवा कधीच नव्हती. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली, भातखाचरं गेली, तरी आगरी घरातल्या हळदीला बेंजो लागतोच आणि गणपतीला ताशा लागतोच. खाडीपलीकडे डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, तिच्यातही ढोल-ताशा असतोच. दहा-बारा वर्षांचं पोर वर्गात बाकावर बोटांनी जो ठेका धरतं, तो हळदीच्या मांडवातून आलेला असतो. त्यात लय असते, वजन असतं, समेवर येण्याची ओढ असते. तेच पोर शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम गळ्यात अडकवून उभं राहिलं की त्याचे हात आखडतात. ठेका जातो आणि नुसते ठोके उरतात.

याचा दोष बँडमास्तरांवर टाकणं सोपं आहे. आठवड्याला दोन तास मिळणारा क्रीडाशिक्षक चाळीस मुलांना काय काय शिकवणार? माझ्या मते दोष स्पर्धेचा आहे. शाळा बँड बसवते ती 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि स्पर्धा यांच्यासाठी. त्यातली स्पर्धा ज्या गोष्टीला गुण देते, तीच गोष्ट वर्षभर घोटली जाते. आपल्या बहुतेक शालेय बँडस्पर्धांमध्ये गुण मिळतात ते दिसण्याला.

आंतरशालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना जी गुणपत्रकं हातात पडतात, त्यांचे रकाने बघा. गणवेश, शिस्त, संचलन, रचना, नेतृत्व आणि शेवटी वादन. पाच रकाने डोळ्यांचे, एक कानाचा. कानाच्या त्या एका रकान्यातही सूर, लय, वाद्यांचा समतोल, चालीची निवड अशी फोड नसते. सगळं एकत्र, एकच आकडा. मग परीक्षक काय करतो? ज्या संघाची रांग सरळ त्याला वादनातही दोन गुण जास्त देतो, कारण सरळ रांग दिसते आणि बेसूर बासरी ढोलाखाली झाकली जाते. मुलं हुशार असतात. पुढच्या वर्षी ती रांग आणखी सरळ करतात, बूट आणखी चमकवतात आणि बासरी आहे तशीच ठेवतात.

वेगाचंही तेच. शीघ्र संचलनाची चाल मिनिटाला साधारण 120 पावलांची. तीस मुलांनी ती चाल मैदानभर टिकवणं ही खरी संगीताची परीक्षा आहे, कारण टाळ्या पडल्या की मुलं धावू लागतात. पहिल्या वळणानंतर बास ड्रमवाला पुढे निघतो, बासरीवाल्या मुली मागे राहतात आणि ट्रायंगल वाजवणारा बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. गुणपत्रकात याची नोंद करायला जागाच नाही. पाऊल चुकलं तर गुण कापतात, लय चुकली तर कुणी बघत नाही. वास्तविक पाऊल चुकतं ते बहुधा लय चुकल्यामुळेच.

देशपातळीवर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा भरते. आधी राज्य, मग विभाग, मग दिल्ली. 2025 च्या जानेवारीत मेजर ध्यानचंद मैदानावर तिची अंतिम फेरी झाली, तेव्हा चार विभागांतून 16 संघ आणि 466 मुलं उतरली होती. परीक्षक भूदल, नौदल आणि वायुदलाने पाठवलेले. हे परीक्षक संगीत जाणतात, लष्करी संगीताचं रीतसर शिक्षण आपल्याकडे पचमढीला दिलं जातं. म्हणजे वरच्या टोकाला कान आहे. अडचण खालच्या पायऱ्यांवर आहे, आणि अडचण गटांचीही आहे. स्पर्धेत गट चार: मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाइप बँड, मुलींचा पाइप बँड. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम किंवा बॅगपाइप ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी हे दार उघडं. ठाणे जिल्ह्यातल्या साध्या शाळेकडे असतात चार साइड ड्रम, एक बास ड्रम, झांजा, ट्रायंगल, डझनभर बासऱ्या आणि दोन-तीन बिगूल. असा संघ कोणत्याच गटात नीट बसत नाही.

बिगुलाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण परीक्षकांचं अज्ञान इथे सगळ्यात जास्त उघडं पडतं. साध्या बिगुलाला कळा नसतात. ओठांच्या ताणावर त्यातून सा, प, तार सा, तार ग, तार प एवढेच स्वर नीट निघतात. पंडित रविशंकरांची ‘सारे जहाँ से अच्छा’ची चाल, जिची बँडसाठी मांडणी प्रा. ए. लोबो यांनी केली, किंवा राम सिंह ठाकुरी यांची ‘कदम कदम बढाये जा’ ही चाल सा, ग, प या तीन स्वरांत मावणारच नाही. तरी दर वर्षी मुलं बिगुलावर तिच्या आसपासचं काहीतरी फुंकतात आणि परीक्षक ‘प्रयत्न चांगला’ म्हणून पुढे जातो. त्याने सांगायला हवं की बाळा, हे वाद्य या चालीचं नाही. सा, ग, प या तीन स्वरांवरच प्रामुख्याने उभा राहणारा मालश्रीसारखा राग आपल्याच परंपरेत आहे. त्या तीन स्वरांत शाळेच्या संगीतशिक्षिकेने आठ ओळींची चाल बांधली, तर तीन बिगूल आणि चार ड्रम यांच्यावर ती दणक्यात वाजेल. अशी स्वतःची चाल आणणाऱ्या संघाला जादा गुण देणारी स्पर्धा अजून माझ्या पाहण्यात नाही. म्हणून सगळीकडे त्याच दोन-तीन चाली ऐकू येतात.

लेझीमच्या स्पर्धांत चित्र थोडं बरं आहे. लेझीम हे वाद्यही आहे आणि व्यायामाचं साधनही, त्यामुळे डोळा आणि कान यांची फारकत करताच येत नाही. आठ आवाज घेताना साखळी नेमकी पावलाबरोबर मिटली पाहिजे. पन्नास लेझमींचा ‘छन्’ एकच ऐकू आला तर संघ तयार, मागून किणकिण राहिली तर कच्चा. डोळे मिटून ऐकलं तरी निकाल कळतो. मुळशी-मावळातल्या गावोगावच्या ढोल-लेझीम स्पर्धा टिकल्या त्या यामुळेच. तिथे बघायला बसलेला म्हातारा गडीही जाणकार असतो, परीक्षकाने चुकीचा निकाल दिला तर तो उठून बोलतो. शाळांच्या स्पर्धांत हा जाणता प्रेक्षक नाही. पालक मोबाइल समोर धरून आपल्या पोराचं चित्रीकरण करत असतात.

ढोल-ताशा पथकांविषयी मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण आज मराठी मुलांचा खरा बँड तोच आहे. त्याची शालेय मुळं पुण्यात. डॉ. आप्पासाहेब पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. विसर्जन मिरवणुकीत प्रबोधिनीची मुलं ढोल आणि बरची घेऊन उतरू लागली, पुढे रमणबागेसारख्या शाळांच्या नावाची पथकं गाजली. शिकलेल्या घरातल्या मुला-मुलींनी कमरेला ढोल बांधला, ही त्यांची मोठी कामगिरी. ते लोण ठाणे-डोंबिवलीपर्यंत आलं आणि आता भिवंडीच्या गावांतही पोचलं आहे. मुलींच्या सहभागाबाबत तर ही पथकं शाळेच्या बँडपेक्षा कितीतरी पुढे आहेत.

पण कलेच्या अंगाने पथकं आज अडली आहेत, आणि इथेही मोजमाप चुकीचं लागलं आहे. पथक मोठं म्हणजे पथक चांगलं, अशी समजूत रुजली. शंभर ढोल, दीडशे ढोल. राष्ट्रीय हरित लवादाच्या पश्चिम विभागीय पीठाने 2024 साली पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी 30 वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात त्या मर्यादेला स्थगिती दिली. पथकांना हायसं वाटलं, ते स्वाभाविक आहे. मला वाटतं, हा प्रश्न न्यायालयात जायच्या आधी वादकांनीच एकमेकांना विचारायला हवा होता. दीडशे ढोलांत एकेका हाताचं काम ऐकू येतं का? तीस ढोल आणि आठ ताशे यांत जी नजाकत दाखवता येते, ती दीडशेत दाखवता येते का? मी दोन्ही ऐकलं आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

ताशा जवळून बघितला तर घसरण कुठे झाली ते कळतं. धातूचं उथळ भांडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, वाजवायला दोन बारीक काड्या. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडायचं, आवाज बसायचा. मग वाजवणारे कोपऱ्यात जाळ करून ताशा शेकायचे, काडी मारून ऐकायचे, पुन्हा शेकायचे. मोहरमच्या मिरवणुकीत वाजवणारे आणि गणपतीत वाजवणारे, दोघांनाही हा शेक अंगवळणी पडलेला. त्या शेकण्यात कान तयार होत असे. आपला ताशा शेजारच्या ताशाशी जुळला की नाही हे पोराला कळत असे. आता प्लॅस्टिकचं पान आलं. पावसात भिजलं तरी त्याला काही होत नाही, आणि ही सोय नाकारण्याचं कारण नाही. पण शेकणं गेलं त्याबरोबर जुळवणंही गेलं. ढोलाचंही तसंच. थापीची बाजू आणि टिपराची बाजू यांच्या आवाजात किती अंतर ठेवायचं, याचा विचार करून दोरी ताणणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. स्पर्धेच्या गुणपत्रकात ‘वाद्यांची जुळणी’ असा रकाना घातला, तर एका हंगामात पोरं पुन्हा दोऱ्या ताणायला लागतील, याची मला खात्री आहे.

जगात हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. ग्लासगोला पाइप बँडची जागतिक स्पर्धा होते. तिथे चार परीक्षक असतात: दोघे फक्त पाइप ऐकतात, एक फक्त ड्रम, आणि चौथा सगळ्यांचा मेळ. बँड वर्तुळात उभा राहून वाजवतो आणि परीक्षक भोवती फिरत कान देतात. नंतर त्यांचे लेखी शेरे बँडला मिळतात. अमेरिकेत हायस्कुलांच्या बँडस्पर्धा म्हणजे मोठाच व्यवहार आहे. तिथे संगीत, दृश्य आणि एकूण परिणाम यांचे परीक्षक वेगवेगळे असतात, आणि बरेच परीक्षक वादन चालू असतानाच आपला अभिप्राय ध्वनिमुद्रित करतात. तो बँडमास्तराकडे जातो. सोमवारी मुलं वर्गात बसून ऐकतात की अमुक वळणावर तिसऱ्या रांगेतले ट्रम्पेट चढे लागले.

त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. परिणामाच्या गुणांमागे लागून तिथेही पडदे, देखावे आणि खर्च वाढत गेला. तिथल्या ड्रम कोअर नावाच्या संचलन करणाऱ्या बँडपथकांच्या स्पर्धांनी 2004 साली मैदानात ध्वनिवर्धकांना परवानगी दिली, तेव्हापासून त्या कलेचा आवाजच बदलला. नियम बदलला की कला बदलते, हे तिथेही खरं ठरलं. पण परीक्षकाचा अभिप्राय मुलांपर्यंत पोचवण्याची त्यांची रीत मात्र बिनतक्रार घेण्याजोगी आहे, आणि तिला पैसाही लागत नाही. प्रत्येक परीक्षकाच्या खिशात मोबाइल आहे. आपल्याकडे मुलं तीन महिने घाम गाळतात, सात मिनिटं वाजवतात, ‘तृतीय क्रमांक’ ऐकतात आणि घरी जातात. तृतीय का, दुसरा का नाही, हे त्यांना कधीच कळत नाही.

पैशाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना एक उदाहरण सांगतो. 2025 च्या प्रजासत्ताक दिनी कर्तव्य पथावर झारखंडातल्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातल्या पटमदा इथल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मुलींचा पाइप बँड वाजला. कस्तुरबा विद्यालयं म्हणजे गरीब, मागास घरांतल्या मुलींच्या सरकारी निवासी शाळा. तिथल्या मुली बॅगपाइप फुंकू शकतात, तर गोदामांच्या गर्दीतल्या शाळेला चार बासऱ्या एका सुरात आणणं अशक्य नाही. वाद्यं मिळवणं कठीण असेल, पण ऐकून दुरुस्त करणारा माणूस मिळवणं कठीण नाही. भिवंडी-कल्याण पट्ट्यात निवृत्त पोलीस बँडवाले आहेत, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात आयुष्य घालवलेले उस्ताद आहेत, हळदीत रात्र जागवणारे बेंजोवाले आहेत. यांतला एकही जण मला आजवर शालेय स्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीत दिसलेला नाही. त्या खुर्चीत बसतात ते पदाधिकारी, पुरस्कर्ते आणि माझ्यासारखे लेख लिहिणारे.

म्हणून तालुका आणि जिल्हा पातळीवर स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तीन परीक्षकांपैकी एक तरी हाताने वाद्य वाजवणारा असू द्या आणि त्याला मैदानाकडे पाठ करून बसवा. वादनाचे गुण एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी नकोत, आणि ते सूर, लय, जुळणी, चाल असे फोडून द्या. बासरी-बिगूल-ड्रमवाल्या शाळांसाठी आणि ढोल-ताशा-लेझीमवाल्या शाळांसाठी स्वतंत्र गट ठेवा. आणि निकालाच्या दिवशीच प्रत्येक गुणपत्रकाची प्रत, शेऱ्यांसकट, त्या त्या शाळेच्या मुलांच्या हातात द्या.